बिबट्याची नसबंदी, वाघाची विष्ठा आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात वन्यप्राण्यांचे डॉक्टर संशोधन म्हणजे नक्की काय करतात, आजार आणि प्रजनन ह्या दोनच गोष्टींमागे आयुष्य का घालवतात, ह्यावर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर ढीगभर पत्रं आली आणि त्यातली निम्मी बिबट्यावर, म्हणून सुरुवात तिथूनच. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांब पत्रं कापलीत, रागावू नका.

ओतूर, ता. जुन्नर: आमच्याकडे ऊस म्हणजे बिबट्याचं घर झालंय. संध्याकाळी सहानंतर पोरं अंगणात सोडत नाही. गावातल्या कुत्र्यांची नसबंदी होते, मग बिबट्याची का नाही करत? का नुसत्या मीटिंगाच घेणार?

दादा, राग रास्त आहे. ज्याला अंगणात पोर सोडता येत नाही त्याला "बिबट्या निसर्गाचा भाग आहे" वगैरे ऐकवण्यात काही अर्थ नाही. सरळ मुद्द्यावर येते. करता येते का, तर येते. पण कशी करायची आणि तिने तुमचं अंगण मोकळं होईल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सभेत नेमकं त्यांचं एकच करून टाकतात.

आधी कशी ते. अमेरिकेतल्या झूंमध्ये १९७० च्या दशकात वाघ-सिंहांची पैदास एवढी व्हायला लागली की पिल्लं ठेवायची कुठे हाच प्रश्न पडला, मग मेलेंजेस्ट्रॉल नावाच्या हार्मोनची कांडी मादीच्या कातडीखाली बसवायला लागले, मादी गाभण राहायची बंद, काम सोपं आणि स्वस्त, सगळे खूश. पुढे लिंडा मन्सन नावाच्या पशुवैद्यक पॅथॉलॉजिस्ट होत्या, नंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला प्राध्यापक झाल्या, त्यांनी ठिकठिकाणच्या झूंमधून ह्या माद्यांची गर्भाशयं मागवून मायक्रोस्कोपखाली बघायला घेतली. कोणी नावाजावं असं हे काम नाही, फॉर्मेलिनच्या बरण्या उघडायच्या, पातळ काप काढायचे, रंगवायचे, बघायचे, लिहून ठेवायचं, परत पुढची बरणी. पण त्यातून दिसलं ते भयंकर होतं. वर्षानुवर्षं कांडी असलेल्या माद्यांचं गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन त्यात पाण्याच्या गाठी झालेल्या, काहींत पू साठलेला, काहींना गर्भाशयाचा नाहीतर स्तनांचा कॅन्सर. जे औषध निर्धोक म्हणून सर्रास चाललेलं होतं ते मांजरवर्गाला बाधत होतं, आणि हे कोणी बरण्या उघडल्या म्हणून कळलं.

त्यानंतर झूवाले दुसऱ्या औषधाकडे वळले, डेस्लोरेलिन. हे वेगळ्या वाटेने काम करतं. मेंदूतून ठरावीक अंतराने एक हार्मोन सुटतं, त्यावर पिट्युटरी ग्रंथी अंडाशयाला कामाला लावते. ही कांडी तशाच हार्मोनचा मारा सतत चालू ठेवते, मग पिट्युटरी आधी खवळते आणि नंतर दाद द्यायचीच बंद होते. म्हणजे पहिल्या काही दिवसांत मादी उलट माजावर येऊ शकते, हे लक्षात ठेवा. दक्षिण आफ्रिकेत कुंपण घातलेल्या छोट्या अभयारण्यांत सिंहिणींना हे दिलंय आणि तिथे ते चालतं. पण असर काही कायमचा नाही, उतरला की मादी परत धरायची, परत भूल, परत कांडी. हत्तिणींना डार्टमधून लस मारून गाभण राहणं थांबवतात, दक्षिण आफ्रिकेतल्याच मकलाली अभयारण्यात २००० सालापासून ते चाललंय, ती लस मांजरवर्गावर नीट चालत नाही. आणि ऑपरेशन करून अंडाशयच काढायचं म्हटलं तर टाके भरेपर्यंत पिंजऱ्यात ठेवणं आलं, जंगली बिबट्या पिंजऱ्यात स्वतःचे दात आणि नखं फोडून घेतो, बघितलेल्यांना माहितीय.

आता अंगणाचं. नसबंदी झालेली मादी उद्या पण जेवणारच की. शेळी, कुत्रं, आणि अंधारात वाकून बसलेलं माणूस, तिच्यासाठी काहीच बदललेलं नाही. पुढची पिल्लं होणार नाहीत एवढंच, आणि त्याचा फरक दिसायला काही वर्षं जातील, तेही बहुतेक माद्या पकडल्या तर. उसात एकूण माद्या किती हेच आधी मोजायला लागेल. एक गोष्ट मात्र नसबंदीच्या बाजूने आहे आणि ती फार कोणी बोलत नाही. अशी मादी आपल्या हद्दीत राहते, तिला उचलून नेलं तर ती जागा मोकळी होते आणि कोणीतरी तरणा बिबट्या येऊन बसतो. तुमच्याच तालुक्यात हे होऊन गेलंय. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरचे आकडे मांडलेत, १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, मग बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला तर २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला १७ वर गेले. आणि जिथे नेऊन सोडले तिथेही हल्ले वाढले.

माझं मत विचाराल तर थोड्या माद्यांवर प्रयोग जरूर करावा, गळ्यात कॉलर घालून, चार-पाच वर्षं मागावर राहून, आणि त्यातली एखादी गाडीखाली मेली तर तिचं गर्भाशय न विसरता तपासावं. बिबट्या वन्यजीव कायद्यातल्या शेड्यूल एकचा प्राणी, दिल्लीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही, ते आलंच. फक्त हा प्रयोग "आता हल्ले थांबणार" म्हणून गावाला विकू नये. तोपर्यंत वरून जाळी असलेला बंदिस्त गोठा, घराला लागून असलेला ऊस दहा-पंधरा फूट मागे, घरातच संडास, आणि उकिरड्यावरची कुत्री कमी. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली तर खाण्यात सगळ्यात जास्त कुत्रं निघालं होतं, शेळ्याबकऱ्या त्याच्या खूप मागे.

कोथरूड, पुणे: मी रोज भटक्या कुत्र्यांना खायला घालते. आता कोणीतरी म्हणालं की कुत्र्यांच्या आजाराने वाघ-सिंह मरतात. खरंय का हे, का आम्हाला शिव्या घालायला अजून एक निमित्त?

ताई, खरंय, पण अर्धंच. आजाराचं नाव कॅनाइन डिस्टेंपर. कुत्र्याला ताप, नाकाडोळ्यातून पू, हगवण, नंतर झटके आणि एका जागी फिरत राहणं, पाळणाऱ्यांना ओळखीचा आहे. व्हायरस गोवराच्या कुळातला. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया रेंजमध्ये २३ सिंह मेले, तेव्हा नमुने तुमच्याच पुण्यात आले होते, एनआयव्ही ह्या व्हायरसवरच्या राष्ट्रीय संस्थेत, आणि तिथे डिस्टेंपर पक्का झाला. मग अमेरिकेतून लसीचे ३०० डोस मागवले.

पण अर्धं का म्हणाले ते ऐका, ह्यात परत त्याच मन्सनबाई येतात. १९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत डिस्टेंपरने हजारेक सिंह गेले, म्हणजे तिथला दर तिसरा सिंह. सगळ्यांना वाटलं व्हायरस फार जहाल असणार. पण साठवलेली जुनी रक्तं तपासली तर भलतंच निघालं, डिस्टेंपर त्या सिंहांमध्ये त्याआधीही येऊन गेला होता, नंतरही आला, आणि बऱ्याच वेळा एकही सिंह न मरता निघून गेला, कोणाला पत्ताही नाही. मग १९९४ लाच काय झालं? तर १९९३ ला दुष्काळ पडलेला. रानरेडे उपाशी, हाडं वर आलेली, अंगभर गोचिडी. सिंहांना आयती मेजवानी, मेलेले मरायला टेकलेले रेडे खाऊन खाऊन त्या गोचिडी सिंहांच्या अंगावर. गोचिडीतून बबेसिया येतो, रक्तातला परजीवी, आपल्या गाईंना लाल लघवीचा आजार होतो त्याच्या कुळातला. एरवी सिंहाच्या रक्तात तो थोडाफार असतोच आणि सिंह धडधाकट फिरतो. त्यात डिस्टेंपर आला, डिस्टेंपर पहिल्यांदा प्रतिकारशक्तीच पाडतो, मग बबेसिया बेसुमार वाढला आणि दोघांनी मिळून सिंह संपवला. २००१ मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरो विवरात हेच परत झालं, त्याच्याही आधी दुष्काळ. २००८ साली हे सगळं छापून आलं. गीरच्या मेलेल्या सिंहांतही बबेसिया सापडला होता.

म्हणजे कुत्रं दोषी आहेच, पण पाऊस, गोचिडी आणि उपाशी रेडेसुद्धा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला लागतील. आणि कुत्र्यांना लस टोचली की सिंह वाचले असंही सरळ नाही. सेरेंगेटीच्या आसपास गावकुत्र्यांना वर्षानुवर्षं लस दिली, कुत्र्यांमधला आजार घटला, तरी सिंहांमध्ये व्हायरस फिरतच राहिला, कारण तोवर तो इतर जनावरांतही मुरला होता. तरी लस द्याच. तुम्ही खायला घालता त्या कुत्र्यांना रेबीजबरोबर डिस्टेंपर असलेली एकत्र लस मिळते, पिल्लांना दीड-दोन महिन्यांपासून सुरू करून बूस्टरसकट. नुसती रेबीजची देऊन थांबू नका.

ह्याच्याच जोडीला एकांनी विचारलंय की मग सरळ वाघालाच का नाही टोचत. कुत्र्यासाठी बनवलेली जिवंत लस दुसऱ्या प्राण्यात आजारच करून बसते असं झालेलं आहे, अमेरिकेतली काळ्या पायांची फेरेट, मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी, अशा लसीनेच मेली होती. सिंह-वाघांसाठी वेगळ्या पद्धतीची लस लागते, आणि मोकळ्या रानात प्रत्येकाला बूस्टर देणार कोण?

नागपूर: गोरेवाड्याचे वाघ बर्ड फ्लूने गेले. चिकन खायचं का नाही?

खा, नीट शिजवून खा. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये ३ वाघ आणि १ बिबट्या गेले, भोपाळच्या लॅबने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच व्हायरस, सांगितला. मांजरवर्गाला हा कच्च्या मांसातून, आजारी पक्षी खाऊन होऊ शकतो हे थायलंडमध्ये २००४ पासून माहिती आहे, तिथे एका झूत कच्च्या कोंबड्या खाऊन शंभराच्या वर वाघ मेले नाहीतर मारावे लागले. तुमचा रस्सा उकळतो, वाघाचा उकळत नाही, एवढा साधा फरक.

संगमनेर: मॅडम, मी दूध संघाकडून गाई भरवायचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं काम करतो. गाईला जे पाच-दहा मिनिटात होतं ते वाघिणीला का नाही करत? वाघ वाढवायला एवढे कोटी कशाला घालवायचे?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण हातात रेतनाची गन धरलेल्या माणसाचा आहे.

पहिलं म्हणजे वाघिणीला गरजच नाही. खायला हरणं-डुकरं आणि लपायला झाडी असली की ती आपली आपण दोन-अडीच वर्षांनी पिल्लं घालते, तीन-चार सुद्धा. अडतंय ते जागेपाशी. रेतन लागतं ते जिथे जनावरं बोटावर मोजण्याएवढी उरलीत, किंवा झूमध्ये सगळी एकमेकांची भावंडं झालीत तिथे.

दुसरं, मांजरीची जातच अवघड. गाय २१ दिवसांनी माजावर येते, हंबरते, काचेसारखा चिकट स्राव, सोट, टाकते, तुम्हाला फोन येतो, तुम्ही गुदद्वारातून हात घालून गर्भाशयाचं तोंड धरता आणि कांडी सोडता. गाईचं अंडं ठरल्या वेळी आपोआप सुटतं. मांजरवर्गात नर लागल्याशिवाय अंडं बहुधा सुटतच नाही. म्हणजे आधी इंजेक्शन देऊन अंडी पिकवायची, दुसरं इंजेक्शन देऊन सोडवायची, हात घालायचा तर प्रश्नच नाही, भूल द्यायलाच लागते, आणि भूल जर अंडं सुटायच्या आधी पडली तर अंडं सुटणंच बिघडतं. अमेरिकेत स्मिथसोनियनच्या झूमधल्या जोगेल हॉवर्ड आणि डेव्हिड विल्ट ह्यांनी वर्षानुवर्षं बसून ही वेळ जुळवली, मग पोटाला बारीक छिद्र पाडून लॅपरोस्कोपने बघत वीर्य थेट गर्भाशयात सोडलं, त्यातून चित्त्याची पिल्लं झाली. चित्त्याचं वीर्य बघितलं तर तुम्ही ती वीर्याची नळी, स्ट्रॉ, फेकूनच द्याल, शंभरातले सत्तरेक शुक्राणू वेडेवाकडे, शेपूट वळलेले, डोकं बिघडलेलं. सगळे चित्ते एकमेकांचे इतके जवळचे नातेवाईक आहेत त्याचा हा परिणाम.

आणि वीर्य गोठवून ठेवायच्या तुमच्या कंटेनरमधल्या नायट्रोजनची किंमत काय असते ते फेरेटवरून सांगते, वर नाव आलंय ती. १९८५ मध्ये वायोमिंगमधल्या शेवटच्या फेरेटवर हाच डिस्टेंपर पडला. जी उरली ती धरून आणली, एकूण १८, आणि पुढची पिढी त्यातल्या फक्त ७ जणांची. हॉवर्डबाईंनी त्या सुरुवातीच्या नरांचं वीर्य गोठवून ठेवलं होतं. वीसेक वर्षांनी, नर कधीच मरून गेले होते तेव्हा, त्या स्ट्रॉ वापरून पिल्लं झाली, आणि कळपातून गेलेलं रक्त परत आलं. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी ह्या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने २००६ मध्ये चितळाला रेतन करून पाडस मिळवलं, पुढच्या वर्षी काळविटाला. हरणं शेवटी तुमच्या गाईच्याच वळणाची, तिथे जमतं.

नैरोबी (मूळ गाव सातारा): इथे ओल पेजेटा अभयारण्यात जाऊन शेवटच्या दोन उत्तरी पांढऱ्या गेंड्याच्या माद्या बघून आलो. नर तर कधीच मेला. मग पिल्लू होणार म्हणतात ते कसं?

नर म्हणजे सुदान, १९ मार्च २०१८ ला गेला. उरल्या त्या नाजिन आणि फातू, आई आणि लेक, आणि दोघींनाही गाभण राहणं जमणार नाही, आईचे मागचे पाय कमजोर, लेकीच्या गर्भाशयात दोष. म्हणून दुसऱ्या जातीच्या, दक्षिणी पांढऱ्या गेंड्याच्या मादीच्या पोटात गर्भ ठेवायचा.

२०१९ पासून बर्लिनच्या थॉमस हिल्डेब्रांट ह्यांची टीम केनियात येऊन भूल देऊन अंडी काढते, गुदद्वारातून लांब प्रोब घालून, सोनोग्राफीत बघत, सुईने. त्या अंडाशयाला लागून मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, सुई जरा चुकली की खेळ खलास. अंडी लगेच विमानाने इटलीत क्रेमोनाला, तिथे मेलेल्या नरांच्या गोठवलेल्या वीर्यातला एकेक शुक्राणू सुईने अंड्यात, आणि जो गर्भ टिकला तो उणे १९६ अंशात. नाजिनला २०२१ मध्ये ह्यातून मोकळं केलं, आता अंडी फातूचीच.

उत्तरी गेंड्याचे मोजके गर्भ वाया जायला नकोत म्हणून आधी दक्षिणी गेंड्याच्याच गर्भावर तालीम केली. सप्टेंबर २०२३ मध्ये गर्भ ठेवला, राहिला, गेंड्यात असं टेस्टट्यूबवालं गाभणपण जगात पहिल्यांदाच. आणि नोव्हेंबरमध्ये ती मादी मेली. गर्भाचा काहीच संबंध नाही. खूप पाऊस झाला, पाणी साचलं, मातीतले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू वर आले, आपल्याकडे पावसाळ्यात फऱ्या-घटसर्पाच्या लसी देतो ना, त्यातला फऱ्या ह्याच कुळातला. तिच्याबरोबरचा नरही तीनेक दिवस आधी त्यानेच गेला. पोटात ७० दिवसांचा नर गर्भ निघाला, ६.४ सेंटिमीटर, एकदम व्यवस्थित वाढत असलेला. जगातली सगळ्यात महागडी प्रसूती-विद्या एका मातीच्या जिवाणूपुढे गार पडली. मला कोणी विचारलं ना की प्रजननावर काम करणारे आजाराच्या भानगडीत कशाला पडतात, तर मी हीच केस पुढे ठेवते.

उदगीर: मी व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जनावराला हात न लावता तपासता येतं असं तुम्ही लिहिलंत ते नीट कळलं नाही. आणि वाइल्डलाइफमध्ये यायचं तर काय करू?

अगं, विष्ठा. वाघिणीचं रक्त कोण काढणार, पण तिच्या रक्तातली हार्मोन्स यकृतातून तुटून विष्ठेत उतरतात. प्रोजेस्टेरॉनचे तुकडे बरेच दिवस वरच राहिले तर गाभण असल्याचा संशय घ्यायचा, कॉर्टिसॉलचे वर असले तर ताण. मिळवायची कशी, तर पहाटे, दव आणि ऊन दोन्ही लागायच्या आत, ताजी, वरचा वाळलेला थर सोडून मधली, कारण हार्मोन सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. पाऊस पडलेला असेल तर सोडून द्यायची. पिशवीवर तारीख, वेळ, जीपीएस, मग लगेच बर्फात नाहीतर अल्कोहोलमध्ये, नाहीतर त्यातले जिवाणू हार्मोन खात बसतात. बाहेरच्या चिकट थरातून डीएनए काढून विष्ठा कोणाची तेही कळतं.

ह्याचा उपयोग सारिस्कात झाला. तिथले सगळे वाघ शिकारीत संपले, २००८ पासून रणथंबोरहून नवे आणून सोडले, आणि पिल्लंच होईनात, पहिली दिसली २०१२ मध्ये. विष्ठा तपासली तर ताणाचं हार्मोन वर, आणि माणसांची, गुरांची, गाड्यांची वर्दळ जास्त तिथे ते जास्त. म्हणजे दुखणं गर्भाशयात शोधत बसलो असतो तर काहीच सापडलं नसतं.

तुझ्या करिअरचं थोडक्यात. डिग्री नीट पूर्ण कर, पॅथॉलॉजी आणि गायनॅक मन लावून शिक, गाई-म्हशींवर हात बसव, कारण वाघावर कोणी शिकू देत नाही. मग पीजीला बरेलीची पशुवैद्यक संशोधन संस्था आयव्हीआरआय, आपलं नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ माफसू, शिवाय देहरादूनची वन्यजीव संस्था डब्ल्यूआयआय, हैदराबादचं लॅकोन्स. आणि शवविच्छेदन मिळेल ते कर, कोंबडीचंसुद्धा. वाघासोबत सेल्फी काढायला ह्या लाइनमध्ये येणारी खूप असतात, बरणी धुवायला कोणी थांबत नाही.

म्हसळा, रायगड: लहानपणी मेलेल्या बैलावर शंभरभर गिधाडं उतरायची. ज्या औषधाने ती मेली त्याच्यावर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली, मग परत का दिसत नाहीत?

काका, बंदी २००६ ची, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर गिधाडाच्या अंड्यात आहे.

आधी ते औषध कसं सापडलं ते सांगते, कारण सुरुवातीला सगळे व्हायरसच्या मागे होते. पाकिस्तानात २००० पासून लिंडसे ओक्स नावाचे अमेरिकन पशुवैद्यक मेलेली गिधाडं उघडून बघत होते. उघडल्यावर दिसायचं काय, तर काळजावर, यकृतावर, आतड्यांवर चुना फासल्यासारखा पांढरा थर. तो युरिक ॲसिडचा. मूत्रपिंड बंद पडलं की पक्ष्यात हे साठतं. व्हायरस शोधले, जिवाणू शोधले, कीटकनाशकं, शिसं, काहीच नाही. मग त्यांनी प्रश्न फिरवला, गिधाड खातं काय, तर गुरं, मग गुरांना टोचतात काय? औषधांच्या दुकानांत आणि डॉक्टरांकडे जाऊन यादी केली आणि तिच्यात मूत्रपिंडाला धोक्याचं असं एक नाव वर आलं, डायक्लोफेनॅक, सूज-दुखण्यावरचं औषध. चुना असलेल्या २५ च्या २५ गिधाडांत ते सापडलं, चुना नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ ला छापून आलं. तोवर आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ संपत आली होती, १९९२ ते २००७ मध्ये हजारातलं एक उरलं म्हणा.

लोकांना पटत नाही की सगळीच गुरं काही औषध टोचलेली नसतात, मग एवढी कशी मेली. हिशोब केलाय त्याचा, शंभरात एकापेक्षाही कमी मढ्यांमध्ये औषध असलं तरी पुरतं. तुम्हीच म्हणालात ना शंभर उतरायची, मग एका बैलावर शंभर जातात.

आणि भरून निघायचं तर? गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. ते उबवायला पावणेदोन-दोन महिने, पिल्लू उडायला पुढचे साधारण चार महिने, आणि त्याने स्वतः अंडं घालायला पाचेक वर्षं जायची, तेही सगळं धड झालं तर. उंदराला विष घाला, सहा महिन्यांत उंदीर परत. गिधाडाला तुमचं आख्खं आयुष्य लागेल. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात त्यावर एक युक्ती करतात, पहिलं अंडं काढून मशीनमध्ये उबवतात, मग कधीकधी जोडी दुसरं घालते, वर्षाला एकाची दोन. तिथली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणून पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडली, काही मेली, काही लांब लांब फिरून आली.

बंदीचंही ऐका. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं तर लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरायला लागले, म्हणून २०१५ मध्ये माणसांचं इंजेक्शन ३ मिलीच्या कुपीत आणलं. मग त्याची भावंडं निघाली. असिक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, नाव तेवढं वेगळं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाले, त्यानंतर निमसुलाईड.

तुमच्या तालुक्यात गिधाडं अजून टिकून आहेत म्हणून मुद्दाम सांगते. बैलाचा पाय सुजला, ताप आला आणि डॉक्टरला बोलावलं तर मेलॉक्सिकॅम मागा, नाहीतर टोल्फेनॅमिक ॲसिड, दोन्ही गिधाडाला चालतात आणि मेलॉक्सिकॅम काही महागही नाही. आणि शेवटच्या दोन-चार दिवसांत दुसरं काही टोचलेलं जनावर गेलंच, तर ते माळावर ओढून टाकू नका, खड्डा करून पुरा.